परताव्याच्या अटीवर परोपकार

एकाच वर्षात, अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने, कोलकात्यातील एका संस्थेच्या नावावर दोन घटना नोंदल्या गेल्या. मे २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने सहा देशांतील अतिदरिद्री कुटुंबांवरील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील भारताचा भाग ‘बंधन’ने पश्चिम बंगालमध्ये राबविलेल्या कार्यक्रमाचा होता. त्यानंतर २३ ऑगस्टला तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी बंधन बँकेचे उद्घाटन केले. दुसऱ्या घटनेचा गाजावाजा साहजिकच मोठा झाला. पहिलीकडे मात्र अर्थशास्त्राच्या अभ्यासकांखेरीज फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक सेवाभावी कार्यासाठी गुंतवणूकदारांचा पैसा वळविण्याचे जे धोरण दिल्लीत २०१९ पासून आकाराला येत आहे, त्याची मर्यादा समजून घ्यायची असेल तर या दोन्ही घटना शेजारी ठेवूनच पाहाव्या लागतील.

बंधनची जन्मकथा आता सर्वश्रुत आहे. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेत अनुभव घेऊन परतलेल्या चंद्रशेखर घोष यांनी २००१ मध्ये, नातेवाइकांकडून उसने घेतलेल्या सुमारे दोन लाख रुपयांवर, हुगळी जिल्ह्यातील कोन्नगर येथे ही संस्था सुरू केली. हावडा जिल्ह्यातील बागनान येथे पहिली शाखा निघाली. गावातील महिलांना एकत्र बसवायचे, छोटे कर्ज द्यायचे आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायचा, ही पद्धत. महाराष्ट्रातील बचत गटांशी तिचे साम्य वरवरचे आहे. बचत गटात मुळात बायकांची स्वतःची बचत असते. इथे पैसा बाहेरून येतो आणि व्याजासह बाहेर परत जातो.

हा बाहेरचा पैसा कुठून आणायचा, हाच सगळ्या स्वयंसेवी संस्थांपुढचा पेच असतो. संस्था नोंदणी कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थेला भागभांडवल नसते. तिला समभाग विकता येत नाहीत, आणि स्वतःचे भांडवल नाही म्हणून बँकाही मोठे कर्ज देताना हात आखडता घेतात. देणगीवर एक प्रकल्प चालतो, हजार शाखा चालत नाहीत. सिडबीने २००२ मध्ये दिलेल्या कर्जाने बंधनला पहिला मोठा आधार मिळाला. पण खरे वळण आले ते २००६ मध्ये, बिगरबँक वित्तीय कंपनी हाती घेतल्यावर. कर्जव्यवहार पुढे टप्प्याटप्प्याने या कंपनीकडे गेला आणि आरोग्य, शिक्षण, दारिद्र्यनिर्मूलन ही कामे ‘बंधन-कोन्नगर’ या मूळ संस्थेकडे राहिली. जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०११ मध्ये कंपनीत भांडवल घातले, ते अर्थातच देणगी म्हणून नव्हे.

त्या काळाचे राजकीय हवामान लक्षात घेतले पाहिजे. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वसुलीच्या जाचाच्या तक्रारींनंतर सूक्ष्म वित्तसंस्थांविरुद्ध वटहुकूम काढला आणि हा सगळा व्यवसाय अडचणीत आला. एप्रिल २०१३ मध्ये खुद्द बंगालात शारदा समूह कोसळला, लक्षावधी ठेवीदार रस्त्यावर आले. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी ५०० कोटींचा मदतनिधी जाहीर केला आणि त्यासाठी तंबाखूवर जादा कर बसविला. (लोकांनी थोडे जास्त धूम्रपान करावे, हा त्यांचा त्या वेळचा सल्ला बंगाली वृत्तपत्रांना कितीतरी दिवस पुरला.) या पार्श्वभूमीवर एप्रिल २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने रिलायन्स, बिर्ला, बजाज यांच्या वित्तीय कंपन्यांसह अनेक इच्छुकांना मागे ठेवून, आयडीएफसी वगळता एकट्या बंधनला नव्या बँकेसाठी तत्त्वतः मंजुरी दिली. डाव्यांच्या राजवटीत जन्मलेली संस्था तृणमूलच्या राजवटीत बँक झाली, ती दिल्लीच्या नियामकाने दाखविलेल्या विश्वासामुळे.

बँक झाल्यावर मात्र मालकीचे प्रश्न उभे राहिले. मार्च २०१८ मध्ये प्रतिसमभाग ३७५ रुपये दराने खुली विक्री झाली. प्रवर्तक कंपनीचा हिस्सा तीन वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची अट पाळली गेली नाही, म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या शाखा उघडण्यास मज्जाव केला आणि व्यवस्थापकीय संचालकांचे वेतन गोठविले. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये प्रवर्तक कंपनीने हजारो कोटींचे समभाग विकून हिस्सा खाली आणला. दरम्यान आसामात कर्जमाफीचे राजकारण पेटले. २०२० च्या अखेरीस तेथील विधानसभेने सूक्ष्म कर्जावर नियंत्रणाचा कायदा केला, पुढच्याच वर्षी निवडणूक होती. बँकेच्या थकबाकीत भर पडली आणि समभाग विक्रीच्या मूळ किमतीखाली गेला. २०२४ च्या अखेरीसही तो तेथवर परतला नव्हता. या साखळीत वित्तीय समावेशनासाठी स्थापन झालेले विश्वस्त निधीही प्रवर्तक कंपन्यांमार्फत भागधारक आहेत, हे विसरून चालणार नाही. सार्वजनिक हेतूची पुंजी बाजारभावाशी बांधली जाते, ती अशी.

आता मे २०१५ कडे वळू. कर्ज घेऊन हप्ता फेडण्याचीही ज्यांची ऐपत नाही, अशा मुर्शिदाबाद जिल्ह्यातील कुटुंबांसाठी बंधनने वेगळा कार्यक्रम आखला होता. कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा छोट्या धंद्याचा माल द्यायचा, काही काळ दर आठवड्याला थोडी रोख रक्कम द्यायची आणि सुमारे दीड वर्ष घरी जाऊन मार्गदर्शन करायचे. परतफेड नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या आणि न निवडलेल्या कुटुंबांची तुलना केली. निवडलेल्या कुटुंबांचे खाणेपिणे, उत्पन्न आणि मालमत्ता वाढली, आणि दहा वर्षांनीही तो फरक टिकून होता. बॅनर्जी यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा त्यांच्या आई, कोलकात्यात अर्थशास्त्राचे अध्यापन केलेल्या निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर, म्हणून मराठी वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. मुर्शिदाबादच्या त्या शेळ्यांची दखल त्या मानाने कमीच घेतली गेली.

त्या गायीगुरांचा खर्च कुणा गुंतवणूकदाराने केला नाही, करणारही नाही. परतावा मागणारा पैसा गरिबांपैकी जो फेडू शकतो त्याच्यापर्यंत पोचतो आणि तेथेच थांबतो. हा त्या पैशाचा दोष नव्हे, स्वभाव आहे. बागनानच्या विणकर बाईला कर्ज उपयोगी पडते, मुर्शिदाबादच्या निराधार विधवेला ते आणखी एक ओझे होते.

सोशल स्टॉक एक्स्चेंजची कल्पना निर्मला सीतारामन यांनी २०१९ च्या अर्थसंकल्पात मांडली. ती प्रत्यक्षात आली तेव्हा सेबीलाही हे वास्तव टाळता आले नाही. ना-नफा संस्थांसाठी २०२२ मध्ये मान्य झालेल्या मुख्य रोख्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. रोखे बाजाराच्या वेशातील ती देणगीच आहे. फरक इतकाच, की संस्थेला हिशेब आणि कामाचा परिणाम जाहीर करावा लागतो, आणि हा फरक कमी मोलाचा नाही. पहिली नोंदणी डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या उन्नती संस्थेची झाली, रक्कम दोन कोटींच्या आसपास. किमान अर्जाची मर्यादा दोन लाखांवरून दहा हजारांवर आणि २०२५ मध्ये एक हजार रुपयांवर आणली गेली, यावरूनच प्रतिसादाचा अंदाज यावा.

याउलट बिहार सरकारने २०१८ मध्ये ‘सतत जीविकोपार्जन योजना’ सुरू केली ती मुर्शिदाबादच्याच धर्तीवर, ‘बंधन-कोन्नगर’चे तांत्रिक साहाय्य घेऊन. दारूबंदीने ज्यांचा धंदा बुडाला ती गरीब कुटुंबेही तिच्यात आली. त्यासाठी कोणत्याही बाजारात रोखे विकावे लागले नाहीत. योजना राबविली ती राज्याच्या ग्रामीण विकास विभागाच्या ‘जीविका’ यंत्रणेने.