धरणापासून ‘उद्या’पर्यंत : यंदा वाचलेल्या कादंबऱ्या

यंदा वाचून संपवलेल्या कादंबऱ्यांविषयी कुर्डुवाडीत बसून लिहायचं, तर सुरुवात धरणापासूनच करायला हवी. उजनीचं धरण आमच्याच माढा तालुक्यात. १९८० साली ते पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. त्याच पाण्याखाली भीमाकाठची गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. लोक फोटो काढायला जातात, पण देवळाभोवती नांदणारी माणसं कुठं गेली, हे कुणी फारसं विचारत नाही.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) हाच प्रश्न विचारते. ती मी पुन्हा वाचली. लेखकाने महसूल खात्यात काम केलेलं, त्यामुळे सातबारा, नोटीस, मोबदला, पर्यायी जमीन ही सगळी कागदपत्रांची वाट त्यांना आतून ठाऊक आहे. कादंबरीतल्या खैरमोडे गुरुजींचा चांगुलपणा त्या वाटेवर पावलापावलाने झिजतो. काही ठिकाणी प्रसंगांची गर्दी होते, खलनायक जरा ठसठशीत रंगतात. तरीही भूसंपादनाचा एक कागद एका घराचं काय करतो, हे इतक्या बारकाईने सांगणारी दुसरी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

तिच्या पाठोपाठ कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरीही धरणग्रस्तांचीच, पण इथे कचेरी मागे पडते आणि जंगल पुढे येतं. गाव उठलं तेव्हा मागे राहिलेली म्हैस रानात रानटी झाली आहे आणि तिचा माणूस तिला शोधत परत आला आहे. एवढ्याशा कथेत माणूस, जनावर आणि जमीन यांचं नातं कसं तुटलं ते सगळं येतं. बोली दाट आहे, पहिल्या काही पानांवर सोलापूरकडच्या वाचकालाही अडखळायला होईल. घाई करू नये. कान सरावला की ती भाषाच आपल्याला रानात घेऊन जाते. दोन्हींत मला ‘रिंगाण’ उजवी वाटते, कारण ती दुःखाचा पंचनामा न करता ते जगायला लावते.

ऐतिहासिक कादंबरीत तलवारी आणि फेटे यांचा मला कंटाळा आला होता. नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ने (१९९७) तो घालवला. अंताजी खरसुंदे हा सरदार नव्हे, हेर आहे. पोटासाठी धावपळ करणारा. त्याच्या बखरीतल्या मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आपल्या शालेय इतिहासात दोन ओळींत आटोपतात. तिकडे बंगालात मात्र ‘बर्गी’, म्हणजे ते मराठे स्वार, अंगाईगीतांत अजून उरले आहेत. लुटणाऱ्यांच्या बाजूचा माणूसच ती लूट सांगतो, तेव्हा अभिमानाने वाचायला बसलेला वाचक अस्वस्थ होतो. इतिहासावरच्या कादंबरीने हेच करावं.

याच लेखकाची ‘उद्या’ (२०१५) भविष्याची गोष्ट सांगते. माणसांवर पाळत ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांच्या हाती गेलेली सत्ता. कथानक सुटं आहे, पात्रं लक्षात राहतील इतकी भरत नाहीत, हे तिचं उणेपण. पण तिचं निदान अचूक आहे, आणि आज हातातला मोबाईल पाहताना ते जास्तच पटतं. तिला मिळालेला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार खऱ्यांनी नाकारला. २०२२च्या जुलैमध्ये ते गेले.

भयकथेत हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’. नारायण धारपांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला भुताची वाट पाहायची सवय असते. इथे खरी भीती घरातल्या माणसांची, त्यांनी दडवलेल्या गोष्टींची आहे. शेवटाकडे ती लांबते. रहस्यकथेत मात्र हाती काही लागलं नाही. बाबुराव अर्नाळकरांनी ज्या भाषेत हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली, तिथे आज हा प्रकार इतका विरळ व्हावा याचं वाईट वाटतं.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’विषयी (२००४) थोडक्यात: आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आजच्या नववीतल्या मुलामुलींच्या हाती द्यावा.

या सगळ्यांत मला टिकाऊ वाटल्या त्या कादंबऱ्यांना आपल्या माणसांचं पोट कशावर चालतं हे नेमकं माहीत आहे. प्रकार कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणूनच आमच्या गावाबद्दल एक मागणं आहे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे, तिचा इथला कारखाना, पंढरीच्या वारकऱ्यांनी भरलेले छोट्या गाडीचे डबे, पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेत राबलेली घरं, यांवरची कादंबरी मी अजून वाचलेली नाही. त्या कारखान्यात काम केलेली वडीलधारी माणसं अजून गावात आहेत. लिहू शकणाऱ्या तरुणांनी त्यांच्याकडे जावं, विचारावं, टिपून ठेवावं आणि लिहायला बसावं.