झोपलं म्हणजे दुखत नाही?

आंघोळीच्या कढत पाण्यानं पाठ भाजलेलं दोन वर्षांचं पोर. त्याचं ड्रेसिंग एकदा करून भागत नाही. चिकटलेलं गॉज भिजवून सोडवायचं, मेलेली कातडी काढायची, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. दाराशी उभ्या आईचं एकच म्हणणं असतं, "डॉक्टर, झोपेचं औषध द्या, म्हणजे त्याला दुखणार नाही."

घोटाळा इथेच होतो. मिडॅझोलॅम या झोपेच्या औषधानं भीती जाते, पुढे आठवणही राहत नाही, पण दुखणं तसूभर कमी होत नाही. स्कॅनआधी पाजतात ते ट्रायक्लोफॉसचं सिरपही त्यातलंच. प्रोपोफॉलनं झोप झटकन लागते आणि झटकन उतरते. मात्र तेही वेदनाशामक नाही, शिवाय श्वास आणि रक्तदाब खाली आणतं. जोडीला फेंटॅनिल दिलं तर वेदना थांबते, पण श्वास आणखी मंदावतो.

म्हणून भाजलेल्या मुलांसाठी केटामाइनची आठवण आधी होते. त्यावर लोक म्हणतात, "ते तर घोड्यांचं औषध, नशेचं!" जनावरांना देतात आणि नशेसाठी गैरवापर होतो, हे खरंच. पण १९६२ मध्ये ते तयार झालं ते माणसांच्या भुलीसाठी. झोप आणि वेदनाशमन दोन्ही त्यात आहे, आणि श्वास सहसा चालू राहतो. शिरेतून दिलं की मिनिटभरात लागू पडतं. शीर सापडली नाही तर मांडीत टोचता येतं. मुलाचे डोळे मात्र उघडे राहतात, बुबुळं हलतात. "अहो, हा जागा आहे!" म्हणून नातेवाईक हादरतात. तो जागा नसतो.

अर्थात केटामाइन निर्धोक नाही. लाळ सुटते, उलटी होते, जागं होताना मूल बरळतं, क्वचित स्वरयंत्र आवळलं जातं. ऑक्सिजन, मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ लागतातच.

डेक्समेडेटोमिडीन नवं, नाकातूनही देता येतं. झोप नैसर्गिक झोपेसारखी येते. पण अर्धा तास धीर धरावा लागतो, नाडी मंदावते आणि जखम घासायची तर ते एकटं पुरत नाही. काही ठिकाणी केटामाइनसोबत देतात, ते पटण्यासारखं आहे: एक नाडी वाढवतं, दुसरं उतरवतं.

राहिला भुलीआधीचा उपास. रात्रीपासून निर्जळी ठेवायची गरज सहसा नसते. साधं पाणी २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४, बाकी दूध-बिस्किट ६ तास. आजीनं कळवळून अर्धं बिस्किट भरवलं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना सांगून टाकावं. रागावले तरी चालेल.