धातूवरील पापुद्रा आणि उत्प्रेरकाचें गणित

जयगडच्या खाडींत उभ्या असलेल्या होड्यांचे लोखंडी नांगर आपण सर्वांनीं पाहिले आहेत. खारी हवा लागतांच लोखंड तांबडें पडतें, त्याचे पोपडे सुटतात, आणि कांहीं वर्षांत नांगर झिजून जातो. याच हवेंत अ‍ॅल्युमिनियमचें पातेलें मात्र पुष्कळ टिकतें. अ‍ॅल्युमिनियमला प्राणवायूचें वावडें आहे असें मुळींच नाहीं. उलट तें लोखंडाहूनही लवकर त्यास धरतें. परंतु त्यामुळें ऑक्साइडाचा जो पापुद्रा बनतो तो इतका घट्ट असतो कीं, खालच्या धातूपर्यंत हवा पोंचत नाहीं. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघी तीन-चार पट!

पापुद्रा म्हणजे केवळ झांकण, ही समजूत मात्र अपुरी आहे. कांहीं पापुद्रे स्वतः काम करतात, आणि तेंही खालच्या धातूच्या साहाय्यानें.

हें काम उत्प्रेरकाचें होय. जो पदार्थ रासायनिक क्रियेस वेग देतो, पण स्वतः खर्चीं पडत नाहीं, त्यास उत्प्रेरक म्हणतात. ही संज्ञा बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञानें १८३५ सालीं योजिली. आपल्या देशांत १९९५ सालीं मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींच्या धुराच्या नळींत उत्प्रेरक बसविणें सक्तीचें झालें. तेथें प्लॅटिनमच्या जातीचे धातू कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस प्राणवायूशीं जोडतात. हे धातू फार महाग. शिवाय पुरेसे तापल्यावांचून ते काम करीत नाहींत. याचें कारण समजण्यासाठीं तवसाळला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणावी. दुचाक्यांनींच सारी जागा अडविली, तर मोटारी धक्क्यावरच राहतात. त्याचप्रमाणें थंड प्लॅटिनमवर विषारी वायूचे रेणू दाटीनें बसतात, आणि प्राणवायूस जागाच मिळत नाहीं.

२००९-१० च्या सुमारास बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेंतील संशोधकांनीं प्लॅटिनमवर लोहाच्या ऑक्साइडाचा एकच थर चढविला: लोहाच्या अणूंची एक ओळ, तिच्यावर प्राणवायूची एक. हा आपल्या गंजाचाच भाऊबंद. पण सुमारें १७५ अंश उष्णतेवर व पुरेशा प्राणवायूंत त्यानें उघड्या प्लॅटिनमहून कितीतरी अधिक काम केलें! पापुद्रा प्राणवायूची आणखी एक ओळ घेई, ती विषारी वायूस देई, आणि पुन्हा भरून घेई.

असें कां व्हावें, हें गणितानें उलगडलें. निर्माणकर्त्यानें इलेक्ट्रॉनांना घालून दिलेले नियम आपल्या व्यवहारांतल्या नियमांहून निराळे आहेत. भिंत चढण्याची शक्ति नसतांही इलेक्ट्रॉन तिच्यापलीकडे सांपडतो; मात्र भिंत फार पातळ हवी. प्लॅटिनमचे इलेक्ट्रॉन त्या पातळ थरांतून वर येऊन प्राणवायूच्या रेणूस मिळतात व त्याचा बंध सैल करतात. थर जाड झाला कीं ही देवघेव थांबते.

हा हिशेब करावयाचा कसा? प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा स्वतंत्र माग काढणें अशक्य. वॉल्टर कोन व त्यांचे सहकारी यांनीं १९६४-६५ सालीं दाखविलें कीं, कोठें किती इलेक्ट्रॉन दाटले आहेत एवढें कळलें तरी ऊर्जा काढतां येते. १९९८ सालीं कोन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. गणक धातूचा लहानसा तुकडा घेतो व फरशीप्रमाणें तोच चोहोंकडे पुन्हा पुन्हा मांडतो. मग एकेक अणू किंचित हलवून दर वेळीं ऊर्जा मोजतो. कोंकणांतून देशावर जाण्यास सर्वांत बुटका घाट कोणता, याचाच हा शोध. उत्प्रेरक डोंगर हलवीत नाहीं. बुटका घाट दाखवितो.

येथें दोन अडचणी आहेत. लोहाच्या ऑक्साइडांतील व प्लॅटिनममधील अणूंचीं अंतरें जुळत नाहींत. दोन निराळ्या विणींच्या चटया एकीवर एक ठेवाव्या तशी नक्षी उमटते, आणि ती पुरी सामावण्यास तुकडा मोठा घ्यावा लागतो. रूढ पद्धतींत अणू दुप्पट झाले कीं श्रम सुमारें आठपट होतात. म्हणून महासंगणक हवेत. पुण्यांत १९९१ सालीं 'परम' हा महासंगणक तयार झाला, आणि २०१९ सालीं तेथीलच आयसर संस्थेंत 'परम ब्रह्म' बसविला गेला.

दुसरी अडचण अधिक बोंचरी आहे. घाटाची उंची एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून हिशेबांत तिचा दहावा हिस्सा चुकला, तर १७५ अंशांवर वेगाचें उत्तर सुमारें तेरा पटींनीं चुकतें. माझे विद्यार्थी दशांश-चिन्हाविषयीं फार उदार असतात. त्यांनीं हें वाक्य पुन्हा वाचावें.

म्हणूनच गणकास प्रयोगशाळेची गरज लागते. बर्लिनच्या पापुद्र्याचेंच पाहा. विषारी वायू अधिक व प्राणवायू कमी झाला, तर थर ठिकठिकाणीं फाटून गोळा होतो, प्लॅटिनम उघडें पडतें, आणि वेग घटतो. एका घाटाची उंची मोजण्यापेक्षां असा थर केव्हां व कोठून फाटेल हें आधीं सांगणें पुष्कळच कठीण आहे.