भीमथडीचं तट्टू, १४५ अश्वशक्तीचं

मराठ्यांच्या घोडदळात भीमथडी तट्टाला मोठा मान होता. भीमेच्या खोऱ्यात पैदास होणारं हे जनावर अरबी घोड्याहून बुटकं, दिसायला साधं. पण काटक, थोड्या दाणावैरणीवर निभावणारं आणि डोंगरवाटेवर पाय रोवून चालणारं. माळावर अरबी घोड्याने त्याला मागे टाकलं असतं; घाट उतरताना मात्र तट्टावरचा स्वार निर्धास्त असे. पाडव्याच्या मुहूर्तावर जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे तट्टू आधी आठवावं. गाडीची ताकद आपण अजूनही घोड्यांतच मोजतो, आणि घोडे मोजता मोजता पायांकडे बघायचं राहून जातं.

योगायोग असा, की नोकरदार माणसाच्या आवाक्यात येणाऱ्या जुन्या वेगवान गाड्यांपैकी दोन याच भीमेच्या खोऱ्यात तयार झाल्या. एक रांजणगावला, दुसरी चाकणला. तिसरी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली गेली. हा लेख मुख्यतः या तिघींबद्दल आहे.

विलायती घोडे

स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीलगतची गाडी डोळ्यांपुढे येते. पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड ४, ऑडी टीटी. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात या दिसतात आणि नव्या किमतीच्या मानाने स्वस्तही वाटतात. पण उतरते ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची नाही. चार ब्रेक डिस्क आणि एक छताची मोटर बदलली की स्वस्ताई कुठे गेली ते कळत नाही.

जगभर जिची शिफारस पहिल्यांदा होते ती माझदा एमएक्स-५ आपल्याकडे अधिकृतपणे विकायलाच आली नाही. १९८९ सालच्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरचं इंजिन होतं, ताकद जेमतेम ११५ अश्वशक्तीची, पण वजन टनाच्या आत. तेवढ्यावर तिने मोठमोठ्या इंजिनांची मिजास उतरवली. इंग्लंडातल्या भाच्याकडून एखादी मागवावी म्हटलं तर कायदा आडवा येतो. तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही, स्टीअरिंग उजवीकडेच हवं, गाडी उतरवायची ती मुंबई बंदरातच. शिवाय सीमाशुल्क इतकं की हौस धक्क्यावरच फिटते. तेव्हा घरच्या तबेल्याकडे वळलेलं बरं.

घरच्या तिघी

रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ च्या ऑक्टोबरात आली. दिसायला नेहमीची फियाट पुंटो, आत १.४ लिटरचं टर्बो टी-जेट इंजिन : १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. त्या पैशांत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणीच देत नव्हतं. गिऱ्हाइकं मात्र फारशी फिरकली नाहीत. पुढे फियाटने भारतातल्या आपल्या गाड्यांची विक्रीच बंद केली.

चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ ची. १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये तिच्यात एक लिटरचं तीन सिलिंडरचं ११० अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि डीएसजीच्या जागी साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं, आणि बंद झाल्यावर तिचा भाव खाली यायच्याऐवजी टिकून राहिला.

शेंद्र्याची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २०१७ ची. दोन लिटर टर्बो, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर आणि वर ५९० लिटरची डिकी. नवी असताना २४ लाख ६२ हजारांची. बाहेरून कुटुंबाची गाडी, आतून वाघीण.

ताकद म्हणजे काय

पंचाहत्तर किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी शक्ती लागते ती एक मेट्रिक अश्वशक्ती. पण ओझं किती, हे विचारल्याशिवाय घोड्यांच्या संख्येला अर्थ नाही. म्हणून ताकदीला वजनाने भागावं. पोलोला टनामागे सुमारे ९५ घोडे मिळतात, अबार्थला १२० च्या आसपास, ऑक्टाव्हियाला १६० हून जास्त. कंपन्यांनी सांगितलेली शून्य ते शंभरची वेळ हाच क्रम दाखवते : ९.७, ८.८ आणि ६.८ सेकंद.

आपण ज्याला पिकअप म्हणतो तो बहुतांशी टॉर्कचा खेळ. टर्बो इंजिनात धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. त्यामुळे कमी फेऱ्यांतच जोर मिळतो. अबार्थमध्ये हा पंखा जागा व्हायला क्षणभर लागतो, मग पाठीत धपाटा बसावा तशी गाडी उसळते. पोलोत तोच जोर गुपचूप येतो. कुणाला धपाटा आवडतो, कुणाला गुपचूप काम. हे कागदावरून ठरत नाही, चालवूनच ठरतं.

हाताळणी : खरा कस घाटात

ताम्हिणीच्या वळणावर किंवा आंबोलीच्या उतारावर २३० घोड्यांपैकी किती वापरता येतात? फार थोडे. द्रुतगती मार्गावरही कायद्याची लगाम आहेच. रोज उपयोगी पडतात ते टायर, ब्रेक, शॉकअप आणि स्टीअरिंग. अबार्थचं स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे. थोडं जड, पण रस्त्याची खडी हाताला सांगणारं. तिची उंचीही साध्या पुंटोहून कमी, १५५ मिलिमीटर. वळणावर ती जमिनीला चिकटते आणि गावच्या गतिरोधकावर पोट घासते. दोन्हीचं कारण एकच. पोलो हलकी, शहरात चटकन वळणारी. ऑक्टाव्हियाला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, त्यामुळे वळणात खड्डा आला तरी मागची बाजू उडत नाही. त्याचबरोबर तिच्यात बदलायचे बुशही जास्त.

जुन्या गाडीबाबत एक गोष्ट विसरू नये. आपण जी हाताळणी अजमावतो ती कारखान्यातून निघालेल्या गाडीची नसते, सत्तर हजार किलोमीटर खड्डे खाल्लेल्या गाडीची असते. कडक झालेले टायर आणि मेलेले शॉकअप असलेली ऑक्टाव्हिया घाटात निगा राखलेल्या पोलोपुढे लंगडते.

मोल

किंमत आणि मोल यांतला फरक गॅरेजमध्ये कळतो. सुरुवातीच्या पोलोच्या डीएसजीत कोरडे क्लच आहेत. रोज कोथरूड ते हिंजवडी रांगत गेलेल्या गाडीत ते तापून झिजतात. हळू चालवताना झटके बसले तर मोठ्या खर्चाची तयारी ठेवा. ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, अधिक टणक. पण त्याचं तेल वेळच्या वेळी बदललेलं हवं आणि त्याची पावती हवी. अबार्थचा साधा गिअरबॉक्स बिनत्रासाचा, मात्र खास तिच्याच असलेल्या भागांसाठी शोधाशोध करावी लागते. ती घेण्याआधी तिच्यावर हात बसलेला फिटर शोधावा, मग गाडी.

माझा हिशेब सोपा आहे. खिशात दहा लाख असतील तर आठ-साडेआठची गाडी बघावी. उरलेले पैसे टायर, ब्रेक, तेलं आणि पहिल्या वर्षातल्या आश्चर्यांसाठी.

दात मोजताना

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. ही गाय धर्माची नाही, तेव्हा दात मोजावेत. गाडी सकाळी, उजेडात आणि थंड असताना बघावी. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलेली आहे, आणि थंड इंजिनाची खडखड तुम्हाला ऐकू येऊ नये अशी कुणाची तरी इच्छा आहे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. सतत येणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २००५ च्या मुंबईच्या आणि २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराने शिकवलेला हा धडा आहे : गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या टोकाशी गाळाचा डाग राहतो. दारांच्या फटी सारख्या आहेत का, बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का, हे पाहिलं की ठोकलेली गाडी बोलू लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना टकटक आली तर पुढच्या ॲक्सलचा सांधा गेलेला असतो.

टर्बो गाडीत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : रिमॅप केलंय का? संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवण्याचा हा उद्योग या तिन्ही गाड्यांत चालतो. विकताना मूळ मांडणी परत टाकली जाते, पण क्लच आणि टर्बोने सोसलेलं परत येत नाही. स्कॅनर लावणारा फिटर सोबत न्या. त्याची मजुरी हा या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

कागद

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यातल्या गाडीला एनओसीही. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा आणि पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा घालणारे आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, हे त्या स्वस्ताईत मिळवून बघा. चलनं बाकी आहेत का ते तपासा. वेगवान गाडीची ती यादी तिच्या मालकाची कुंडलीच असते. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आधीच्या मालकाचा तुम्हाला मिळणार नाही.

निवाडा

पहिलीच वेगवान गाडी घेणाऱ्याने २०२० नंतरची, साध्या ऑटोमॅटिकची पोलो घ्यावी. घरात चार माणसं, सामान आणि महामार्गाचा प्रवास असेल, खर्चाची ऐपत असेल, तर ऑक्टाव्हिया. आणि ज्याला रविवारी पहाटे घाटात एकट्याने चालवायची हौस आहे, फिटरशी दोस्ती आहे आणि सुटा भाग यायला महिनाभर थांबायची तयारी आहे, त्याने रांजणगावचं तट्टू घ्यावं. माझं मत तिलाच. मात्र तिघींत निवड करताना शेवटी एकच कसोटी लावा : ज्या मालकाने पावत्यांची फाइल जपली आहे, त्याची गाडी दहा-वीस घोडे कमी असली तरी घ्या. अशी गाडी या पाडव्यापर्यंत सापडली नाही, तर हात हलवत घरी या. पाडवा पुढच्या वर्षीही आहे.