नागासाकीची 'मिसळ' : चाम्पोन

नागासाकी हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे ते अणुबॉम्बमुळे. शाळेच्या पुस्तकात हिरोशिमाच्या मागे एक जोडनाव म्हणून ते येते आणि तिथेच संपते. जपानी माणसापुढे मात्र नागासाकीचे नाव काढा, की थोड्याच वेळात गोष्ट खाण्यावर येते, आणि खाणे म्हटले की चाम्पोन.

चाम्पोन म्हणजे काय? मोठ्या खोलगट वाडग्यात हाडांचा पांढरट, दाट रस्सा. त्यात गव्हाच्या जाड, गोल शेवया, म्हणजे नूडल्स. आणि वर कोबी, मोड आलेले मूग, कांदा, गाजर, डुकराचे मांस, माकुल, कोळंबी, शिंपल्या आणि माशाच्या लगद्याचे गुलाबी-हिरवे काप यांचा चक्क डोंगर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, हे दोघांचे असावे. ते एकाचे असते.

हा शब्दही मजेशीर आहे. जपानी भाषेत 'चाम्पोन' म्हणजे आता कोणतीही सरमिसळ. एकाच बैठकीत बिअर आणि साके दोन्ही घेतले तरी त्याला चाम्पोन म्हणतात. आपल्या मिसळीसारखेच म्हणा ना! शब्द आला कुठून याबद्दल एकमत नाही. नागासाकीत अधिक सांगतात ते असे, की चीनच्या फुजियान प्रांतातील बोलीत भेटल्यावर "जेवलास का?" असे विचारतात, त्या शब्दांचा हा अपभ्रंश. आपल्या गावाकडे म्हातारी माणसे दारातून जाणाऱ्याला हाच प्रश्न विचारतात, म्हणून आम्हाला तरी हीच व्युत्पत्ती पटली.

आता या पदार्थाच्या जन्माची हकीकत. फुजियान प्रांतातील फुचिंग या गावचा चेन पिंगशुन नावाचा तरुण 1892 साली नागासाकीला आला. वय एकोणीस. जवळ भांडवल नाही. फिरून माल विकत त्याने पै-पै साठवली आणि 1899 साली 'शिकाइरो' नावाची खाणावळ काढली. शिकाइरो म्हणजे चार समुद्रांची माडी. त्या काळी चीनमधून विद्यार्थी आणि कामकरी नागासाकी बंदरात उतरत. नव्याने आलेल्या अशा कितीतरी मुलांना चेनसाहेब जामीन राहिले. या मुलांचे हाल त्यांना दिसत होते. खिशात पैसे नाहीत, खाणे धड नाही. तेव्हा स्वस्तात पोट भरेल आणि अंगालाही लागेल असे काही द्यावे, म्हणून त्यांनी आपल्या मुलखातील मांसाच्या धाग्यांच्या रस्सेदार शेवया घेतल्या, आणि नागासाकीच्या समुद्रात व बाजारात जे स्वस्त मिळेल ते त्यात भरले. तोच हा चाम्पोन.

पण ते वर्ष कोणते होते ते पाहा. 1894-95 च्या युद्धात जपानने चीनला हरवले होते आणि चिनी माणसाकडे तुच्छतेने पाहण्याची हवा होती. 1899 साली परकीयांच्या वेगळ्या वसाहती मोडून सर्वांना कोठेही राहण्याची मुभा मिळाली. चिनी मजुरांना मात्र परवानगीवाचून जुन्या वसाहतींबाहेर राहून काम करण्यास बंदी होती. याच वर्षी ही खाणावळ उघडली. तिच्या या पदार्थाला सुरुवातीला 'शिना उदोन' म्हणत. 'शिना' हा चीनसाठी वापरला जाणारा जपानी शब्द पुढे अपमानकारक मानला गेला. आज वाडग्याला ते नाव नाही, 'जेवलास का' हे नाव आहे. नावात काय असते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वेगळे ठेवण्याची ही रीत नागासाकीत जुनी. 1571 साली पोर्तुगीज व्यापारासाठी हे बंदर खुले झाले. चिनी व्यापारीही येऊ लागले आणि गावातच जपानी शेजाऱ्यांत मिसळून राहू लागले. पुढे राजवटीला चोरट्या व्यापाराची आणि ख्रिस्ती धर्माची धास्ती वाटली. डच लोकांना 1641 पासून देजिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर ठेवले होते. 1689 पासून चिन्यांनाही भिंत आणि खंदक घातलेल्या एका वस्तीत कोंडले. वेशीवर पहारा, परवान्याशिवाय बाहेर पाऊल नाही. गावाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आणि तरीही, किंवा म्हणूनच म्हणा, त्यांच्या स्वयंपाकाने भिंत ओलांडली! जपानी रिवाजात प्रत्येकाचे जेवण वेगळ्या छोट्या चौरंगावर, ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे मांडले जाई. चिन्यांचे जेवण मात्र एका गोल मेजाभोवती, मधल्या मोठ्या थाळ्यांतून सर्वांनी घेण्याचे. नागासाकीने ते उचलले. या जेवणाला 'शिप्पोकु' म्हणतात. लाल रोगणाचे गोल मेज, त्याला वरचे आसन नाही आणि खालचे आसन नाही. जिथे उच्चनीच इतके घट्ट होते त्या समाजात हे गोल मेज आम्हाला चाम्पोनपेक्षाही मोठी गोष्ट वाटली. अर्थात शिप्पोकु आज महागडे जेवण झाले आहे, आमच्यासारख्यांनी ते खिडकीतून पाहावे. चाम्पोन मात्र हजार येनच्या आगेमागे मिळतो.

आमच्या विहारातील आम्ही सात जण तीन वर्षे भिशी लावून जपानला गेलो होतो. त्यातील दोन दिवस नागासाकीला दिले. फुकुओकाच्या हाकाता स्थानकातून गाडी धरायची, ताकेओ-ओन्सेनला त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या शिनकानसेनमध्ये बसायचे, की दीड तासात नागासाकी. हा शिनकानसेन 2022 च्या सप्टेंबरात सुरू झाला. स्थानकाबाहेर पडले की डोंगरांच्या कुशीतले निमुळते बंदर, आणि डोंगरांच्या अंगावर वरपर्यंत चढत गेलेली घरे. गावात 1915 पासून ट्राम धावते. कोठेही उतरा, भाडे एकच. मुंबईची ट्राम 1964 साली बंद झाली; आमच्यातील एका आजोबांना तिची आठवण आली आणि ते उतरायला तयार होईनात.

ट्रामच्या एका टोकाला सोफुकुजी हे बुद्धमंदिर आहे. 1629 साली फुजियानच्या लोकांनी ते बांधले. लाल वेशीतून पायऱ्या चढून आत गेलो, वंदना घेतली, आणि अंगणात एक प्रचंड लोखंडी कढई दिसली. लहान मूल आत उभे राहिले तर बाहेरून दिसणार नाही! 1681-82 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा इथले चिनी भिक्षू सेनगाई यांनी ही कढई ओतवून घेतली. एका वेळी सहाशे किलोहून अधिक तांदूळ शिजेल एवढी. तिच्यात पेज शिजवून ते रोज हजारो भुकेल्यांना वाढत. त्यानंतर सातच वर्षांनी याच लोकांच्या देशबांधवांना भिंतीआड कोंडण्यात आले. गरिबांसाठी एका भांड्यात शिजवणे हे नागासाकीच्या चिन्यांनी चाम्पोनच्या दोनशे वर्षे आधीच केले होते.

दुसऱ्या दिवशी ट्रामने उत्तरेला उराकामीला गेलो. 9 ऑगस्ट 1945, सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी याच खोऱ्यावर बॉम्ब फुटला. वर्षअखेरपर्यंत सुमारे 74 हजार माणसे गेली असा अंदाज आहे. मधल्या डोंगरांमुळे बंदराकडचा जुना भाग पुष्कळसा वाचला, म्हणूनच सोफुकुजी आज उभे आहे. उराकामीत ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती होती, हे सगळे सांगतात. तिथेच बुराकु लोकांचीही वस्ती होती, हे कमी सांगितले जाते. बुराकु म्हणजे जनावरे सोलणारे, चामडे कमावणारे, म्हणून अस्पृश्य ठरवलेले जपानी लोक. 1867 साली ख्रिस्ती लोकांना पकडायला सरकारने या बुराकु माणसांनाच पुढे केले होते. एका पिचलेल्याच्या हाती दुसऱ्याला बांधायची दोरी द्यायची, ही युक्ती सगळीकडे सारखीच. 1871 च्या फर्मानाने कायद्यातला भेद गेला, मनातला राहिला; 1922 साली त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. बॉम्बने ती वस्तीही उद्ध्वस्त केली आणि उरलेली माणसे पांगली. जपानात शतकानुशतके चार पायांच्या जनावराचे मांस खाणे कमीपणाचे मानत. नागासाकीने ते चिनी आणि डच लोकांमुळे लवकर स्वीकारले. डुकराच्या हाडांचा रस्सा पिताना ही गोष्ट आमच्या मनात होती.

शिकाइरो आज ओउरा चर्चजवळ, बंदराकाठी मोठ्या इमारतीत आहे. चेन यांचेच वंशज ती चालवतात. वर जेवणघर, त्याच इमारतीत चाम्पोनचे छोटे संग्रहालय. रांग लागते. शिन्ची या चिनी मोहल्ल्यातही जवळपास प्रत्येक खाणावळीत चाम्पोन आहे, आणि तिथे आम्ही खिडकीतून आचाऱ्याचे काम पाहिले. रामेन करताना शेवया वेगळ्या पाण्यात उकडतात आणि वर सजावट मांडतात. चाम्पोनमध्ये सगळे एकाच कढईत. चरबीवर आधी मांस आणि मासळी, मग भाज्या चढ्या आचेवर परतायच्या, वर रस्सा ओतायचा आणि शेवया त्यातच शिजवायच्या. म्हणून भाजीचा गोडवा आणि मासळीचा वास शेवईच्या आतपर्यंत जातो. शेवयांच्या कणकेत 'तोआकु' नावाचा नागासाकीचा खास खार घालतात. तो मुख्यतः सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या पापडखाराचा भाऊ. त्याने शेवया पिवळसर होतात आणि त्यांना एक वेगळाच वास येतो.

भगिनींनो, घरी करायचा तर असा करा. कोंबडीची हाडे आले-लसूण घालून दोन-तीन तास उकळा आणि गाळून घ्या. डुकराची मिळाली तर उत्तम. बाजारातील जाड नूडल्स चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्ध्या कच्च्या उकडा. मोठ्या कढईत तेल कडकडीत तापवून मांसाचे पातळ तुकडे, कोळंबी, मग कांदा, गाजर, कोबी आणि शेवटी मोडाचे मूग परता. कोबी मऊ पडू देऊ नका. रस्सा, मीठ, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि हवे तर अर्धी वाटी दूध. नूडल्स त्यात सोडून दोन मिनिटे उकळा. मसाला घालण्याचा मोह होईल. पहिल्या खेपेला आवरा.

याच घराण्यातील दुसरा पदार्थ 'सारा उदोन', म्हणजे ताटातल्या शेवया. चाम्पोन घरपोच नेताना रस्सा सांडतो, म्हणून हा बिनरश्श्याचा प्रकार निघाला असे सांगतात. तळलेल्या कुरकुरीत बारीक शेवयांवर तेच कालवण, पण पिठाने दाट केलेले. पाहुणे आले की नागासाकीच्या घरांतून मोठे ताट मागवले जाते आणि सगळे त्यातच खातात. सोबत काळ्या आंबट सॉसची छोटी बाटली येते. हा सॉस इंग्रजांकडून आला. आमच्यातील मुलांना चाम्पोनपेक्षा हाच अधिक आवडला. दोन ताटे संपली आणि बाटलीही.