सागाची पाने खाणारा पतंग

सागाच्या रानात झुडपांच्या पानांखाली दिवसा बसून राहणारा हा लहानसा पतंग सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. पंख पसरले असता त्याची रुंदी तीन ते चार सेंटिमीटर भरते. पुढचे पंख मातकट करड्या रंगाचे असतात. ते बाजूस सरले म्हणजे मागचे काळे पंख व त्यांवरील नारिंगी पट्टे दिसतात. परंतु बसताना तो हे पंख झाकून घेतो. शास्त्रीय भाषेत यास 'हिब्लीआ प्युएरा' म्हणतात.

वळवाच्या सरी पडून सागास कोवळी पालवी फुटलेली असते, त्या सुमारास मादी पानांवर शेकडो अंडी घालते. दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. थोडी वाढ होताच अळी पानाची कड अर्धवट कातरते, तो तुकडा दुमडते आणि आपल्या रेशमी धाग्यांनी टाचून टाकते. जणू अंगावर पानाचे पांघरूणच! त्याच्या आडोशाने ती पान खाते. पुरी वाढ झाली की धाग्यावरून ती जमिनीवर उतरते व पाचोळ्याखाली कोश करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो.

(विदर्भात पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांची नुसती जाळी उरलेली दिसते. ते काम मात्र दुसऱ्याच एका पतंगाच्या अळीचे होय.)

धाड मोठी असली तर काही दिवसांत सारी झाडे निष्पर्ण होतात. साग मरत नाही, त्यास पुन्हा पालवी फुटते. मग नुकसान ते कोणते? केरळातील निलांबूर येथे लहान वयाच्या सागांवर पाच वर्षे निरीक्षण करण्यात आले. काही झाडांचे अळ्यांपासून रक्षण केले, काहींचे केले नाही. रक्षण न केलेल्या झाडांच्या लाकडाची वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. लाकडाऐवजी झाडाचे बळ नवी पाने फुटण्यात खर्च झाले होते.

या अळ्यांना एका विषाणूचा रोग होतो. रोगट अळीचे शरीर आतून विरघळते, कातडी फाटते आणि विषाणू पानांवर पसरतो. पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने या विषाणूचे द्रावण फवारण्याची पद्धत तयार केली. अळ्या लहान आहेत तोवरच फवारणीचा उपयोग होतो. धाडीचा आरंभ बहुधा रानाच्या एखाद्या लहान तुकड्यात होतो; तो तुकडा वेळीच हुडकणे हे या कामातील सर्वांत अवघड अंग होय.