पहिल्या पिनची तार

फेंडर कंपनीचा जुना ‘चॅम्प’ ॲम्प्लिफायर उघडून पाहिला, की एवढ्याशा ऐवजातून एवढा आवाज येतो यावर विश्वास बसत नाही. अवघे तीन व्हॉल्व्ह. एक गिटारचा क्षीण सिग्नल वाढवतो, एक एसीचं डीसी करतो आणि तिसरा, ६व्ही६ नावाचा, स्पीकर हलवतो. घरी ॲम्प बांधणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. आणि पहिला ॲम्प वाजायला लागला, की आठवड्याभरात एकच विचार डोक्यात घोळतो: हा ६व्ही६ उपटून त्याच जागी थोरला ६एल६ बसवला तर? किंवा युरोपातला ईएल३४?

गंमत अशी, की तिन्ही त्या सॉकेटमध्ये बसतात. आठ पिना, मध्ये एक खुंटी, खुंटीला कंगोरा, म्हणजे चुकीच्या दिशेने घालताच येत नाही. सॉकेट उलटं करून कंगोऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने पिना मोजा. दोन आणि सात हीटरच्या, तीन प्लेटची, चार स्क्रीनची, पाच ग्रिडची, आठ कॅथोडची. तिघांचंही सारखंच. फरक पडतो तो फक्त पहिल्या पिनवर. ईएल३४मध्ये ती सप्रेसर ग्रिडची असते. ६व्ही६ आणि ६एल६ला तिच्याशी कर्तव्य नसतं.

या एका पिनमागची हकिकत मला फार आवडते. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटवर इतक्या वेगाने आदळतात, की धातूतले दुसरे इलेक्ट्रॉन उडवून लावतात, डबक्यात पावसाचा थेंब पडावा आणि शिंतोडे उडावेत तसे. शेजारीच धन दाबावरची स्क्रीन असते. ती हे शिंतोडे ओढून घेते आणि व्हॉल्व्हचं गणित बिघडतं. फिलिप्समधल्या बर्नार्ड टेलेगेन यांनी १९२६मध्ये यावर उपाय काढला: मध्ये आणखी एक जाळी, म्हणजेच सप्रेसर ग्रिड, घालायची आणि ती कॅथोडला जोडायची. शिंतोडे तिला बुजून प्लेटकडे परततात. हाच पेंटोड, आणि ईएल३४ त्याच घराण्यातला. पण त्याचं पेटंट फिलिप्सकडे होतं. ब्रिटनमध्ये ईएमआयच्या इंजिनिअरांनी मग जाळी न घालताच काम साधलं. त्यांनी ग्रिड आणि स्क्रीनच्या तारा एकमेकींच्या सावलीत आणल्या, दोन्ही बाजूंना पत्रे लावून इलेक्ट्रॉनांचे झोत बांधले आणि प्लेट जरा लांब ठेवली. त्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉनांची इतकी दाटी होते, की ती गर्दीच भिंत होते. धातूची जाळी नाही, काही नाही. प्लेटकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनांची गर्दीच शिंतोड्यांना परतवते! १९३६मध्ये अमेरिकेत आरसीएने आणलेला ६एल६ याच तत्त्वावर चालतो. त्याचे पत्रे आतच कॅथोडला जोडलेले असतात, म्हणून त्याला वेगळी पिन लागत नाही.

घरी बांधणाऱ्याच्या हातात यातून काय उरतं? बोटभरसुद्धा नाही एवढी एक तार. पिन एक आणि पिन आठ जोडून टाका, की ईएल३४च्या जाळीला कॅथोड मिळाला आणि बाकीच्या दोघांचं काही बिघडलं नाही. मात्र आधी सॉकेटखाली नीट बघा. फेंडरच्या बऱ्याच ॲम्पमध्ये रिकाम्या पिन एकचा खुंटीसारखा वापर करून तिच्यावर ग्रिडचा रेझिस्टर अडकवलेला असतो.

आता स्विच, म्हणजे व्हॉल्व्ह बदलला की ॲम्पची जुळणी त्याच्याप्रमाणे बदलणारा. २५० व्होल्टवर ६व्ही६ला ग्रिड कॅथोडपेक्षा साडेबारा व्होल्ट खाली हवा, आणि त्यातून सुमारे ५० मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे कॅथोडखाली २५० ओहमचा रेझिस्टर. ६एल६ला १४ व्होल्ट आणि ७७ मिलिअँपिअर, म्हणजे साधारण १८२ ओहम. दोन रेझिस्टर ठेवून स्विचने कधी हा, कधी तो निवडावा, असं पटकन सुचतं. तसं करू नका. २५० ओहमचा कायमचा जोडा आणि स्विचने त्याला समांतर ६८० ओहमचा लावा. दोन्ही मिळून १८३ होतात. उद्या स्विचचा काँटॅक्ट गंजला, तरी २५० शिल्लक राहतो आणि व्हॉल्व्ह फार तर थंड चालतो. वायरिंगमधला हा शहाणपणा मला कोणत्याही सुरेख सर्किटपेक्षा सुंदर वाटतो.

ट्रान्सफॉर्मरचं तर त्याहून देखणं जमतं. ६व्ही६ला ५,००० ओहमचा भार हवा, ६एल६ला २,५००, बरोबर निम्मा. ट्रान्सफॉर्मर २,५०० ओहमचा घ्या. त्याच्या ८ ओहमच्या टोकावर ८ ओहमचा स्पीकर लावला, तर व्हॉल्व्हला २,५०० दिसतात. तोच स्पीकर ४ ओहमच्या टोकावर नेला, की ५,०००. म्हणजे दोन पोलचा एकच स्विच पुरतो: एका पोलवर रेझिस्टर, दुसऱ्यावर स्पीकर, आणि प्लेटच्या शेकडो व्होल्टना हात लावायचा नाही. स्पीकर सुटला तर ट्रान्सफॉर्मर जळू नये, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या गुंडाळीवर काहीशे ओहमचा रेझिस्टर कायमचा राहू द्या. हीटरचा हिशोबही आधीच करा: ६व्ही६ ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६ ०.९ आणि ईएल३४ तर दीड. ईएल३४साठी कॅथोडला आणखी लहान रेझिस्टरही लागतो, आणि त्याला झेपेल असा पॉवर ट्रान्सफॉर्मर.

स्विच फिरवायचा तो ॲम्प बंद असतानाच. प्लग काढल्यावरही फिल्टरचे कपॅसिटर जीवघेणा दाब धरून बसतात. ते ब्लीडर रेझिस्टरमधून उतरले आहेत हे मीटर लावून बघितल्याशिवाय आत बोट घालू नका. आणि ६व्ही६ बसवून स्विच ६एल६वर राहिला, तर मर्यादेपलीकडे तापून त्याची प्लेट लाल पडू शकते.

आता दोन्ही आलटून पालटून ऐका. साडेचार वॅट आणि साडेसहा वॅट, म्हणजे आवाजाच्या मोठेपणात कानाला जेमतेम कळेल एवढाच फरक. पण जाड तार जोरात छेडली, की ६व्ही६चा सूर लगेच फाटायला, खरखरीत व्हायला लागतो. ६एल६ तोच घाव आणखी थोडा वेळ स्वच्छ पेलतो.